काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मुसाफिर

मैत्रिणींनो, जुन्या हिंदी सिनेमात पार्टी असली की एक भलामोठा पियानो हमखास असायचा. हिरो त्यावर बोटं फिरवत दुःखी गाणं म्हणायचा आणि हिरॉईन खांबाआड डोळे पुसायची. पण पियानो वाजवूनच ज्यानं पोट भरलं, त्याच्या जोरावर अर्धं जग पालथं घातलं आणि शेवटी आपल्याच देशाच्या मातीत ज्याचा देह पडला, अशा एका कलावंताची ओळख मला आज करून द्यायची आहे. त्याचं नाव टेडी वेदरफोर्ड.

टेडीचा जन्म 11 ऑक्टोबर 1903चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या पोकाहोंटास या गावचा. कोळशाच्या खाणींचं गाव. जन्म काळ्या कातडीचा. आता गंमत बघा, त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत जमशेदजी टाटांचं ताजमहाल हॉटेल सुरू झालं. खाणीच्या गावातलं ते पोर आणि समुद्रकाठचा तो महाल यांची एक दिवस गाठ पडेल, असं कुणाच्या स्वप्नात तरी आलं असेल का?

पोरवयातच टेडी न्यू ऑर्लिन्स शहरात गेला. हे शहर म्हणजे जॅझ संगीताचं माहेर. तिथं त्याचा हात बसला. पुढं शिकागोत अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात तो वाजवू लागला. सिनेमा तेव्हा मुका होता, म्हणून पडद्यासमोर बसून वादक संगीत द्यायचे. त्याच वृंदात ट्रंपेटवर होते लुई आर्मस्ट्राँग, जे पुढं जगप्रसिद्ध झाले. टेडीचा डावा हात इतका दणकट, की शिकागोतले तरुण पियानोवाले त्याचं वाजवणं कान देऊन ऐकायचे. अर्ल हाइन्ससारख्या पुढं गाजलेल्या वादकावरही त्याची छाप पडली.

आता जॅझ म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगते. आपल्या पेटीला डाव्या हातानं भाता मारायचा आणि उजव्यानं सूर काढायचा. पियानोला भाता नाही, त्यामुळं दोन्ही हात मोकळे. डावा हात ठेका धरतो, उजवा गाणं म्हणतो. सोबतीला ड्रम, ट्रंपेट, सॅक्सोफोन अशी मोजकी माणसं असतात. मूळ चाल सगळ्यांना ठाऊक असते, पण तिच्यात ज्यानं त्यानं आपल्या मनाची भर घालायची. एकानं सवाल टाकायचा, दुसऱ्यानं जबाब द्यायचा. ढोलकीच्या फडावर रंगतो तसाच हा प्रकार. पियानोवाला म्होरक्या असला की कुणाला पुढं करायचं, कुठं थांबायचं, हे तो बसल्या जागेवरून नुसत्या मानेच्या इशाऱ्यानं सांगतो. कागदावर सगळं लिहिलेलं नसतं. एकमेकांचं ऐकावंच लागतं.

एवढं नाव झालं, मग त्यानं देश का सोडला? त्या काळच्या अमेरिकेत कित्येक क्लबांत काळ्या माणसानं वाजवलेलं चालायचं, पण तो समोर गिऱ्हाईक म्हणून बसलेला चालायचा नाही. पंगतीत वाढायला चालतं पण जेवायला बसलेलं चालत नाही, हा न्याय आपल्याकडच्या कित्येक घरांनी भोगलाय, त्यामुळं जास्त फोड करून सांगायला नको. 1926मध्ये जॅक कार्टर यांच्या बँडबरोबर टेडी चीनला निघाला. शांघायमध्ये त्याचा असा बोलबाला झाला, की एकाच रात्रीत चार-चार क्लबांत तो हजेरी लावायचा. इथलं वाजवून झालं की तिथं. कवी लँग्स्टन ह्यूज 1933मध्ये शांघायला गेले, तेव्हा त्यांची टेडीशी दोस्ती जमली आणि पुढं आपल्या प्रवासाच्या पुस्तकात त्यांनी त्याच्याबद्दल लिहिलं.

1936च्या सुमारास तो मुंबईत आला आणि ताजमध्ये वाजवू लागला. ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथ यांचा तो बँड. पुढं टेडी स्वतःच म्होरक्या झाला. मध्ये 1937 साली पॅरिसला जाऊन त्यानं एकट्याच्या पियानोच्या तबकड्याही काढल्या.

त्याच काळात गोव्याची पोरं मुंबईत नशीब काढायला येत होती. चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेली, हात तयार असलेली. त्यातले फ्रँक फर्नांड स्मिथ यांच्या बँडमध्ये होते. लिहिलेलं बिनचूक वाजवणं त्यांना येत होतंच, पण वाद्यातून मनातलं बोलायचं कसं, ते या काळ्या उस्तादांकडून मिळालं. पुढं अशी कितीतरी गोवेकर मंडळी सिनेमाच्या स्टुडिओत गेली. आपल्या नगर जिल्ह्यात, पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांनी 1951च्या ‘अलबेला’त गोव्याच्या चिक चॉकलेटला साथीला घेतलं. भगवानदादांच्या त्या गाण्यांवर वरातीत नाचणाऱ्यांना कुठं माहीत, की हा ठेका किती समुद्र ओलांडून आलाय!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टेडी कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होता. शहर गोऱ्या-काळ्या सैनिकांनी भरलेलं. त्याच्या बँडमध्ये नाना देशांची, नाना रंगांची माणसं एका मंचावर बसायची. जहाजावर कामाला असलेला जिमी विदरस्पून हा पोरगा त्याच्याबरोबर गायला आणि पुढं अमेरिकेत नामांकित गायक झाला. हॉटेलात नाच चालायचा आणि बाहेर, 1943च्या दुष्काळात, बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली. ते शहर असं दोन्ही होतं.

25 एप्रिल 1945 रोजी टेडी गेला. वय अवघं 41. कारण कॉलरा. महायुद्ध संपायला जेमतेम काही महिने उरले होते.

हे वाचलं तेव्हा मी सुन्नच झाले. चार क्लब गाजवणारा तो दणकट हात एका घाणेरड्या घोटापुढं हरला. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी आणि क्षार इतक्या वेगानं निघून जातात, की काही तासांत माणूस हातचा जातो. विलक्षण गोष्ट अशी, की या रोगाचं कोडं पुढं कलकत्त्यातच बरंचसं सुटलं. 1959 साली डॉ. शंभुनाथ डे यांनी तिथं कॉलऱ्याचं विष शोधलं. 1971मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन कमी पडायला लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. टेडीच्या वेळी हे ज्ञान कुणाजवळच नव्हतं.

आपल्याजवळ आहे. आमच्या ईटच्या आसपासची, भूम तालुक्यातली कितीतरी बिऱ्हाडं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. कोपीवर पाणी मिळेल तसलं प्यायचं, आणि लेकराला जुलाब लागले की आई मुकादमाच्या तोंडाकडं बघत बसते. बचत गटाच्या बैठकीत मी प्रत्येक बाईकडून पाठ करून घेते: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. थोडं थोडं पाजत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

टेडी मानानं जगता यावं म्हणून घर सोडून निघाला होता. आमच्या बायका पोटासाठी निघतात. परमुलखात माणसाला मान मिळो न मिळो, स्वच्छ पाणी तरी मिळायलाच हवं. तेवढं झालं, तर पुढचं गाणं त्याचं त्याला वाजवता येतं.