नांदगावचे गणेश दैवज्ञ

महाशिवरात्रीच्या पुण्यपर्वावर दक्षिण काशी म्हणून गौरविल्या जाणाऱ्या श्रीक्षेत्र हरिहरेश्वरी भाविकांची रीघ लागते. प्रथम कालभैरवाचे दर्शन, नंतर श्रीहरिहरेश्वराचे, आणि पुन्हा कालभैरवाचे, असा येथील क्रम आहे. प्रदक्षिणा मात्र समुद्राच्या अनुज्ञेवाचून घडत नाही. डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरून लाटांनी कोरलेल्या कातळावरून जाणारी ती वाट ओहोटीलाच मोकळी होते. भरतीच्या वेळी तेथे पाऊल टाकणे जिवावर बेतते. म्हणून जाणता यात्रेकरू आधी तिथी विचारतो. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातील जुना ढोबळ हिशेब. चतुर्दशीस ती साडेदहाच्या सुमारास येते आणि दिवस कलता कलता पाणी ओसरते. ज्या चंद्रासाठी आपण व्रत धरतो, तोच चंद्र समुद्रालाही हलवितो.

ही तिथी ठरते कशी? हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही, कारण भिंतीवरचे पंचांग त्याचे उत्तर तयार ठेवते. पण जवळजवळ चार शतके महाराष्ट्रातील पंचांगे ज्या ग्रंथावरून होत, त्या ग्रहलाघवाचे कर्ते गणेश दैवज्ञ याच किनाऱ्याचे सुपुत्र होत. हरिहरेश्वराच्या उत्तरेस, राजपुरीची खाडी ओलांडून मुरूडच्या पुढे गेले की नांदगाव लागते. तेथील सिद्धिविनायक सर्वांस परिचित आहे; तेथील ज्योतिर्विदाचे स्मरण मात्र फारच थोड्यांना असते, याची आम्हांस खंत वाटते.

गणेशांचे वडील केशव दैवज्ञ हे स्वतः मोठे गणिती. शके १४१८ मध्ये, म्हणजे इ. स. १४९६ मध्ये, त्यांनी ग्रहकौतुक नावाचा ग्रंथ रचला. ते केवळ पोथीवर विसंबणारे नव्हते. रात्रीच्या रात्री आकाश न्याहाळून कोणत्या ग्रंथाने सांगितलेला कोणता ग्रह किती अंशांनी चुकतो, हे त्यांनी पडताळून पाहिले. त्यांच्याविषयी एक कथा ऐकिवात आहे. त्यांनी वर्तविलेल्या एका ग्रहणाचा मेळ बसला नाही, राजदरबारी उपहास झाला. तेव्हा खिन्न होऊन त्यांनी गावच्या गणपतीसमोर अनुष्ठान मांडले आणि गजाननाने पुत्ररूपाने येण्याचे वचन दिले. कथा खरी की भक्तांच्या प्रेमातून उमललेली, या वादात आम्ही शिरत नाही. देवाकडे मागितला तो धनलाभ नव्हे, चुकलेले गणित सुधारण्याचे सामर्थ्य, एवढे त्या कथेत आम्हांस मोलाचे वाटते.

मातोश्री लक्ष्मी यांच्या पोटी जन्मलेल्या या पुत्राने शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० हा आरंभ धरून ग्रहलाघव सिद्ध केले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. वयाचे आश्चर्य बाजूस ठेवले तरी ग्रंथाचे आश्चर्य कमी होत नाही. पूर्वीच्या गणितात ज्या आणि चाप यांचा जो किचकट खटाटोप असे, तो त्यांनी सर्वस्वी टाळला. अकरा वर्षांचे एक चक्र कल्पून ४०१६ दिवसांचा हिशेब बसविला, त्यामुळे प्रचंड अंकांचे ओझे उतरले. खेड्यातल्या जोशीबुवांनाही धूळपाटीवर ग्रह साधता येऊ लागले.

पण त्यांचे खरे धैर्य निराळेच आहे. त्या काळी सौर, आर्य आणि ब्राह्म असे तीन पक्ष मानले जात आणि प्रत्येकाला ऋषींचा किंवा आचार्यांचा आधार होता. गणेशांनी कोणताही एक पक्ष डोळे मिटून स्वीकारला नाही. सूर्य सौरपक्षाचा घेतला. चंद्रही तेथलाच, पण नऊ कला उणा करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्यपक्षाचे, बुधाचे केंद्र ब्राह्मपक्षाचे, शुक्राचे केंद्र ब्राह्म आणि आर्य यांच्या मधले. शनी आर्यपक्षाचा, परंतु त्यात पाच अंश मिळविलेले! कसोटी एकच होती : आकाशात डोळ्यांना जे दिसते त्याच्याशी गणित जुळले पाहिजे.

यात शास्त्रांचा अनादर होता काय? आम्हांस तसे मुळीच वाटत नाही. शिवरात्रीचेच उदाहरण घ्या. माघ वद्य चतुर्दशी मध्यरात्री, निशीथकाळी असली पाहिजे, असा धर्मशास्त्राचा दंडक. चंद्राच्या गणितात थोडी चूक झाली की तिथीच्या घटका सरकतात, आणि क्वचित संपूर्ण व्रतच एक दिवस मागे किंवा पुढे जाते. उपवास धरणाऱ्या माउलीने खऱ्या तिथीला धरावा, ही तळमळ धार्मिकच होय. श्राद्ध, होलिका, कृष्णाष्टमी यांच्या निर्णयावर लेखन करणारे आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी टीका लिहून (शके १४६७) गणितांची उपपत्ती मांडणारे गणेश दैवज्ञ एकच होते. ग्रह का फिरतात आणि फिरविणारा कोण, याचा निवाडा त्यांनी गणिताकडे मागितला नाही. ग्रह आज कोठे आहे, हे मात्र श्रद्धेवर सोडले नाही. तिथिचिंतामणीच्या सारण्यांनी तर त्यांनी वर्षाच्या पंचांगाचे काम थोड्या दिवसांवर आणून ठेवले.

पुढे मल्लारी, विश्वनाथ आदी टीकाकारांनी ग्रहलाघव विवरिले आणि ग्रंथ सर्वत्र मान्य झाला. इतका मान्य, की त्यालाच हात लावणे पाप ठरू लागले! वास्तविक आपले गणितही कालांतराने आकाशापासून ढळेल, तेव्हा पुढच्यांनी वेध घेऊन ते नीट करावे, असे गणेशांनी स्वतःच सांगून ठेवले होते. एकोणिसाव्या शतकात ती वेळ आली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या वेधांचा आधार घेऊन शके १७८७ पासून, म्हणजे इ. स. १८६५ पासून, शुद्ध पंचांग चालू केले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. जुन्या मंडळींनी त्यास विरोध केला, आणि तो ग्रहलाघवाच्याच नावाने केला. छत्रे हेही याच किनाऱ्याचे, अलिबागजवळच्या नागावचे होते.