टिंडल यांचा गवताचा काढा

शालेय पुस्तकांतील ‘टिंडल परिणामा’मुळे जॉन टिंडल हे नाव अनेकांना परिचित आहे. सूक्ष्मजीवशास्त्राला त्यांनी दिलेली निर्जंतुकीकरणाची पद्धत मात्र तितकीशी ज्ञात नाही.

२ ऑगस्ट १८२० रोजी आयर्लंडमधील कार्लो परगण्यात एका सामान्य कुटुंबात टिंडल यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी भूमापनाची नोकरी केली. पुढे जर्मनीतील मारबुर्ग येथे उच्च शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये ते लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले.

सजीव आपोआप निर्माण होतात काय, हा त्या काळी धगधगता वाद होता. टिंडल यांनी धूलिकणविरहित हवेच्या पेटीत मांसाचे व भाज्यांचे अर्क उकळून ठेवले. ते नासले नाहीत. जंतू हवेतील धुळीतून येतात, हे सिद्ध झाल्यासारखे वाटले. परंतु १८७६ मध्ये प्रयोगशाळेत जुने वाळलेले गवत आले आणि चित्र पालटले. त्याचा काढा कित्येक तास उकळूनही नासू लागला. कारण सापडले नसते, तर प्रतिपक्षाच्या हेन्री बास्टियन यांचेच म्हणणे खरे ठरले असते.

टिंडल यांनी प्रयोग क्यू उद्यानातील प्रयोगशाळेत हलवले. तेथील स्वच्छ हवेत काढे पुन्हा टिकू लागले. दोष काढ्याचा नसून गवतासोबत आलेल्या उष्णतारोधक जंतूंचा होता. त्याच सुमारास जर्मनीत फर्डिनांड कोन यांनी अशा जंतूंचे बीजाणू वर्णिले होते.

बीजाणू उकळत्या पाण्याला दाद देत नाहीत. मात्र अंकुरल्यावर तेच जंतू अल्प उष्णतेने मरतात. म्हणून १८७७ मध्ये टिंडल यांनी काढा थोडा वेळ उकळून थांबण्याची आणि अंकुरण्यास अवधी देऊन पुन्हा उकळण्याची रीत मांडली. तास-तासभर सलग उकळून जे साधले नाही, ते या खंडित उष्णतेने साधले.

लवकरच शार्ल शांबरलां यांचे ऑटोक्लेव्ह यंत्र आले. तरीही १२१ अंश सेल्सिअसला बिघडणाऱ्या दूध, जिलेटीन वा शर्करायुक्त माध्यमांसाठी ‘टिंडलीकरण’ उपयोगी ठरले : सलग तीन दिवस, रोज वीस ते तीस मिनिटे, १०० अंशांची वाफ. साध्या पाण्यात ते भरवशाचे नाही, कारण पोषणाविना बीजाणू अंकुरत नाहीत.

४ डिसेंबर १८९३ रोजी पत्नीच्या हातून चुकून क्लोरलची अधिक मात्रा दिली गेल्याने टिंडल यांचे निधन झाले. पती-विरहात लुइझा यांनी पुढील अनेक वर्षे त्यांचे चरित्रसाहित्य जमवण्यात घालवली.