सोळाव्या लघुग्रहाचे शोधक

इटलींत अब्रुत्सो नांवाचा एक डोंगराळ प्रांत आहे. त्यांतील बुन्यारा या लहानशा गांवीं ता. ९ नोव्हेंबर १८१९ रोजीं आनिबाले दे गास्पारिस यांचा जन्म झाला. ते नेपल्स शहरीं आले ते पूल व रस्ते बांधण्याची विद्या शिकण्यासाठीं. परंतु तेथील कापोदिमोन्ते टेकडीवरील वेधशाळेनें त्यांचें मन ओढून घेतलें, आणि वेधशाळेचे अधिपति कापोच्ची यांचें शिष्यत्व त्यांनीं पत्करलें. व्हेस्टा या लघुग्रहाच्या कक्षेचें गणित केल्याबद्दल १८४६ सालीं नेपल्सच्या विद्यापीठानें त्यांस मानाची पदवी दिली.

मंगळ व गुरु यांच्या दरम्यान सूर्याभोंवतीं फिरणारे असंख्य लहान गोल, तेच लघुग्रह. दुर्बिणींतून ते ताऱ्यांप्रमाणेंच केवळ ठिपके दिसतात. भेद इतकाच कीं, तारा नकाशांतील आपली जागा सोडीत नाहीं, लघुग्रह मात्र रोज थोडथोडा सरकतो. छायाचित्रावरून लघुग्रह हुडकण्याची युक्ति त्या काळीं निघाली नव्हती. नकाशा पुढें ठेवून एकेक ठिपका ताडून पाहणें, हाच मार्ग होता. या मार्गानें ता. १२ एप्रिल १८४९ रोजीं दे गास्पारिस यांस पहिला लघुग्रह सांपडला. पुढच्याच वर्षीं राजकीय मतांमुळें कापोच्चींस वेधशाळा सोडावी लागली. गुरूंचा आधार गेला, तरी शिष्यानें काम सोडलें नाहीं. त्याच वर्षीं त्यांनीं आणखी दोन लघुग्रह शोधले. १८५१ सालीं लंडनच्या राजकीय ज्योतिष मंडळानें त्यांस सुवर्णपदक दिलें.

ता. १७ मार्च १८५२ रोजीं त्यांस असाच एक सरकणारा ठिपका दिसला. तो सोळावा लघुग्रह. त्यास पुराणकथेंतील सायकी या राजकन्येचें नांव मिळालें. दे गास्पारिस यांनीं एकंदर नऊ लघुग्रह शोधले. १८६४ पासून १८८९ पर्यंत ते वेधशाळेचे अधिपति होते. ता. २१ मार्च १८९२ रोजीं ते निवर्तले.

सायकी कशाची बनली आहे, हें त्यांस अखेरपर्यंत कळलें नाहीं. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिच्यावर रेडिओलहरी सोडल्या, तेव्हां त्या फार जोरानें परतल्या. तींत पुष्कळ धातु असल्याचें हें चिन्ह होतें. तिचा आकार बटाट्यासारखा ओबडधोबड असून रुंदी सुमारें २८० किलोमीटर आहे. ती ४ तास १२ मिनिटांत स्वतःभोंवतीं व सुमारें ५ वर्षांत सूर्याभोंवतीं फिरते. पूर्वीं ती बहुतेक निखळ लोखंडाची मानीत; परंतु तिची घनता पाण्याच्या सुमारें चौपट, म्हणजे लोखंडाच्या निम्मीच भरते. त्यामुळें धातूबरोबर तींत खडकही असावा असें आतां मानतात. एखाद्या फुटलेल्या बालग्रहाचा तो गाभा असेल, तर आपल्या पृथ्वीच्या पोटांत काय आहे, तेंही त्यावरून उमजेल. यासाठीं ऑक्टोबर १९२३ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्यें, अमेरिकेनें तिच्याकडे यान पाठविलें. तें २०२९ सालीं पोंचावें अशी योजना आहे.

नकाशांत नसलेला एक ठिपका दे गास्पारिस यांनीं नीट पाहिला व त्याची जागा चोख टिपून ठेविली. त्यांचें काम तेवढेंच होतें. परंतु तें काम चोख झालें नसतें, तर पुढील पिढ्यांनीं यान कोठें धाडलें असतें?