श्रद्धा आणि श्रम : पंडिता रमाबाई

घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी बोलणाऱ्या आमच्या सीमाभागातील मुलांना पंडिता रमाबाईंचे चरित्र परके वाटण्याचे कारण नाही. त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील सह्याद्रीच्या रानात, गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांनी लोकांचा रोष ओढवून घेतला होता. त्याच माउलीने, लक्ष्मीबाईंनी, आपल्या धाकट्या मुलीकडून हजारो श्लोक पाठ करून घेतले.

हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरे. मिळालेली दक्षिणा दानधर्मात खर्च होई. १८७४ च्या सुमारास मद्रासकडील मुलखात दुष्काळ पडला आणि पुराण ऐकणारे उरले नाहीत. अंगमेहनतीचे काम घरात कोणालाच येत नव्हते, भीक मागण्याची लाज वाटे. पाने खाऊन दिवस काढावे लागले. प्रथम वडील, मग आई आणि त्यापाठोपाठ थोरली बहीण यांना मृत्यूने गाठले. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. विद्या पुष्कळ, पण हाताला काम ठाऊक नाही, ही स्थिती किती भयंकर असते, हे त्या जन्मभर विसरल्या नाहीत.

पुढे बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या हजारो मैल पायी हिंडल्या. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव करण्यासाठी या भावंडांनी खड्डे खणून अंगावर वाळू ओढून घेतली व रात्री काढल्या. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. परंतु १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारीही गेले. पदरी लहानगी मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये मायलेकींनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. नंतर अमेरिकेतील मंडळींच्या साहाय्याने रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. पुढे ते पुण्यास आले. धर्मांतराच्या शंकेने १८९३ साली अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरी सदन चालू राहिले.

याच काळात ब्रिस्टलचे जॉर्ज म्युलर यांची हकीकत त्यांच्या वाचनात आली. कोणापुढेही हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या बळावर म्युलर यांनी हजारो अनाथ मुलांचा सांभाळ केला होता. जो देव तिकडे पुरवठा करतो, तो हिंदुस्थानात का करणार नाही, हा प्रश्न रमाबाईंच्या मनात घर करून राहिला.

त्याचे उत्तर देण्याची वेळ लवकरच आली. १८९६-९७ साली मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. अमेरिकेची मदत शारदा सदनापुरतीच होती. इतकी तोंडे कशी भरणार, असे कोणीही विचारले असते. पण स्वतः उपास भोगलेल्या रमाबाईंना गप्प बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता. म्हणून केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच पुढे ‘मुक्ती सदन’ झाले. लगेच गुजरातेतही दुष्काळ पडला आणि १९०० पर्यंत केडगावात दीड हजारांच्या वर माणसे व शंभरांवर गुरे झाली. पाऊस नव्हता. दोन विहिरींचे पाणी रोज उपसून संपे व सकाळी पुन्हा नवे पाणी आलेले दिसे. ही देवाचीच कृपा, अशी नोंद रमाबाईंनी करून ठेवली आहे.

तथापि ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ अशी ही श्रद्धा नव्हती, हे विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात घ्यावे. विहिरींसाठी आधी खणावे लागले होते. मुक्तीतील प्रत्येक मुलीला अक्षरांबरोबर एखादे काम शिकविले जाई : शेती, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना. बाई प्रार्थनेसाठी पहाटे उठत आणि दिवसभर राबत. ज्या उणिवेने आईबाप गेले, ती उणीव या मुलींच्या वाट्यास येऊ नये, ही त्यांची तळमळ होती.

कन्या मनोरमाबाई आईचा उजवा हात झाल्या. १९१२ च्या सुमारास आपल्या कर्नाटकातील गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, येथेही मुलींची शाळा निघाली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या. संकटात अन्न मागता येते. पण गेलेले मूल कोणाकडे मागावे? आमच्या मते रमाबाईंच्या श्रद्धेची खरी कसोटी येथे लागली. त्या खचल्या नाहीत. सोप्या मराठीतील बायबलचे अनेक वर्षे चाललेले काम त्यांनी पुरे करीत आणले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. ते बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले.

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावात ही संस्था आजही कार्य करीत आहे. धर्म कोणताही असो, मागायचे ते देवाजवळ मागावे, हात मात्र कामाला लावावेत आणि मिळालेल्या घासातला अर्धा भुकेल्यास द्यावा, हा धडा आमच्या विद्यार्थ्यांनी या थोर स्त्रीच्या चरित्रातून अवश्य घ्यावा.