रेव्हरंड ना. वा. टिळक : पूर्वायुष्याचा त्याग आणि श्रद्धेची वाढ

धर्मांतरित व्यक्तीच्या चरित्रात बाप्तिस्म्याचा दिवस हा पूर्वायुष्य आणि उत्तरायुष्य यांना विभागणारा बिंदू मानला जातो. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या बाबतीत हा समज अपुरा ठरतो. भूतकाळाचा त्याग ही त्यांच्या आयुष्यात एकदाच घडून संपलेली घटना नव्हती. ती सुमारे पाव शतक चाललेली प्रक्रिया होती, आणि तिच्या प्रत्येक टप्प्यावर काय सोडायचे व काय राखायचे याचा निर्णय त्यांना नव्याने करावा लागला.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. संस्कृतचे अध्ययन, कीर्तन-प्रवचनाची आवड आणि शीघ्र कवित्व ही त्यांची पूर्ववयातील संपत्ती होय. नागपूर येथील वास्तव्यात त्यांनी धर्मविषयक चर्चेला वाहिलेले 'ऋषी' हे मासिक चालविले. जातिभेदाविषयीची अस्वस्थता आणि नव्या, सर्वसमावेशक धर्माचा शोध ही त्या काळातील त्यांच्या चिंतनाची केंद्रे होती. १८९३ साली राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना बायबल दिले. त्यातील गिरिप्रवचनाने त्यांच्या शोधाला दिशा मिळाली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या पहिल्या त्यागात जात गेली, आप्तवर्ग दुरावला आणि विद्वान ब्राह्मण म्हणून असलेली प्रतिष्ठा संपली. परंतु त्याची सर्वांत जड किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली, हे विसरून चालणार नाही. पतीचा निर्णय त्यांचा नव्हता. त्याचे परिणाम मात्र त्यांना भोगावे लागले. लहानग्या दत्तूला घेऊन त्यांना पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने दिवस काढावे लागले. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे-ओवळे आणि वेगळा स्वयंपाक त्यांनी लगेच सोडला नाही. जातिबंधनाची निरर्थकता त्यांना स्वतःच्या विचाराने पटली आणि मगच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एकाच घरात एकाचा त्याग तडकाफडकी झाला, तर दुसरीचा सावकाश पिकत गेला. श्रद्धेच्या वाढीच्या दृष्टीने दुसरा त्याग पहिल्यापेक्षा उणा नव्हता, याची साक्ष लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून मिळते.

अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे काम करताना टिळकांपुढे वेगळाच प्रश्न उभा राहिला. पूर्वायुष्य सोडावयाचे म्हणजे भाषा, छंद आणि संतपरंपराही सोडावयाची काय? आरंभीच्या ख्रिस्ती जीवनात त्यांनी स्वधर्मावर टीका केली होती. वय आणि श्रद्धा परिपक्व होत गेली तशी ती धार बोथट झाली. तुकारामांच्या अभंगांनीच आपणास ख्रिस्तापर्यंत आणून सोडले, अशी त्यांची धारणा दृढ होत गेली. मराठीत ओवीबद्ध ख्रिस्तकथेचा पूर्वाधार फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ने (१६१६) घालून दिला होता. परंतु टिळकांच्या काळातील प्रॉटेस्टंट उपासनेवर पाश्चात्त्य स्तोत्रांची व चालींची छाया गडद होती. टिळकांनी भजन, कीर्तन आणि अभंग हे प्रकार ख्रिस्तभक्तीसाठी योजिले. 'अभंगांजली'तील ख्रिस्त हा राजसत्तेबरोबर आलेला परकीय देव राहत नाही. तो भक्ताची माऊली, गुरू आणि सखा होतो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेत त्यांची पदे आजही गायिली जातात.

पूर्वसमाजाशी असलेला स्नेहही त्यांनी तोडला नाही. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनाने प्रकाशात आलेल्या बालकवी ठोमरे यांना टिळकांच्या घरी मुलासारखे स्थान मिळाले. त्यासाठी त्यांनी ख्रिस्ती व्हावे, अशी अट नव्हती. १९१२ पासून 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन करतानाही मराठी समाजाशी संवाद राखणे, हे टिळकांचे उद्दिष्ट राहिले.

अखेरचा त्याग अधिक अनपेक्षित होता. बाप्तिस्म्यानंतर मिळालेली सुरक्षितता हाच आता त्यांचा भूतकाळ झाला होता. मिशनचे वेतन आणि पाश्चात्त्य संघटनेची चौकट यांमुळे ख्रिस्ताचा मराठी माणसाशी होणारा संबंध आडतो, असे वाटून १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त या बंधुसंघात यावेत, ही त्यांची कल्पना होती. ज्या संस्काराने त्यांना स्वसमाजापासून तोडले, त्याच्याच सीमारेषेचा आग्रह त्यांनी येथे शिथिल केला. हे पाऊल अनेक सहकाऱ्यांना धाडसाचे वाटणे स्वाभाविक होते. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि हा प्रयोग बाल्यावस्थेतच पोरका झाला. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले. त्याचा फार मोठा भाग पुढे लक्ष्मीबाईंनी रचला. एके काळी ज्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला होता, त्याच धर्माचे काव्य त्यांनी पुढे नेले, ही घटना बोलकी आहे.

टिळकांच्या चरित्रातून त्याग आणि विस्मरण यांतील भेद स्पष्ट होतो. जात, प्रतिष्ठा आणि वेतन यांनी माणसामाणसांत अंतर निर्माण केले, म्हणून ती त्यांनी सोडली. अभंग माणसांना जवळ आणीत होता, म्हणून तो राखला. त्यांच्या उत्तरकालीन भक्तिकाव्याचे वाचन केवळ धर्मांतरिताची कविता म्हणून केल्यास ही निवड नजरेआड होते. मराठी भक्तिपरंपरेचा एक विस्तार म्हणून ती कविता अभ्यासली जाणे अधिक न्याय्य ठरेल.