धर्माचा रकाना आणि बाबासाहेब

गोरेगावच्या तरुणांनो, अर्जावर धर्म लिहिताना अजूनही हात अडखळतो का? त्या एका रकान्यामागे बाबासाहेबांचे आयुष्य आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला पाण्याचा हक्क बजावला. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू केला. दार उघडले नाही. १९३५ मध्ये येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, पण घाई केली नाही. पुढची २१ वर्षे अभ्यासाची होती. याच काळात ते संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. कलम २५ ने प्रत्येकाला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंसह त्यांनी धम्म स्वीकारला. ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

मात्र १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांना जागा नव्हती. धम्म स्वीकारला की केंद्राच्या सवलती जात. महाराष्ट्राने १९६० मध्ये नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राचा कायदा बदलायला १९९० उजाडले. म्हणजे धम्म स्वीकारण्याची किंमत एका पिढीने ३४ वर्षे मोजली.

आज धर्म बौद्ध लिहूनही अनुसूचित जातीचा हक्क टिकतो. मग तो रकाना भीतीपोटी चुकीचा का भरायचा?