पाचगणीचा पियानोवाला

सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर फाइल पूर्ण होवो न होवो, एक वाद मात्र हमखास रंगतो. गिटार कोण भारी वाजवतं? डीप पर्पलची दुसरी फळी खरी की तिसरी? सिड बॅरेट गेल्यानंतरच्या पिंक फ्लॉइडला पिंक फ्लॉइड म्हणायचं का? मी भंडारा जिल्ह्यातल्या आसगावचा. फर्स्ट इयरला यातलं एक नाव कळायचं नाही, पण वाद मात्र ओळखीचा वाटायचा. आमच्या भागात दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर दंडार चालते. ढोलकीवाला कामासाठी नागपूरला गेला आणि त्याच्या जागी दुसरा बसला की पारावर हाच विषय असतो, की पार्टी तीच राहिली का?

मित्रांनो, या वादात माझं मत बनलं ते एका माणसाच्या आयुष्यावरून. हा माणूस आपल्या सातारा जिल्ह्यात शिकलेला आहे, हे कळल्यावर तर मी उडालोच.

फारुख बलसारा याचा जन्म 5 सप्टेंबर 1946 चा, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावरचा. घराणं पारशी, मूळ गुजरातचं. वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत कॅशियर. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा त्याला बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स स्कूलमध्ये बोर्डिंगला पाठवलं. आईवडील समुद्रापलीकडे. आपण अठराव्या वर्षी हॉस्टेलवर येतो तरी पहिले पंधरा दिवस उशी ओली होते, इथे तर वय आठ. शाळेत त्याला फ्रेडी म्हणू लागले. टेबल टेनिस आणि बॉक्सिंग चांगलं खेळायचा. पण खरी ओढ पियानोची. रेडिओवर गाणं एकदा ऐकलं की पियानोवर जसंच्या तसं काढायचा.

शाळेतल्या पाच मुलांनी बँड काढला, नाव हेक्टिक्स. आता गंमत ऐका. पुढे जगातल्या सर्वात मोठ्या गायकांत ज्याचं नाव घेतलं गेलं, तो या बँडचा मुख्य गायक नव्हताच! पुढे उभा राहून गायचा त्याचा मित्र ब्रूस मरे. फ्रेडी बाजूला बसून पियानो वाजवायचा.

पुढे तो झांझिबारला परतला. पण जानेवारी 1964 मध्ये तिथे क्रांती झाली, रक्तपात झाला आणि बलसारा कुटुंब सगळं मागे टाकून इंग्लंडला आलं. लंडनजवळच्या फेल्टममध्ये छोटं घर. फ्रेडीने हीथ्रो विमानतळावर सामान उचलायचं काम केलं आणि ईलिंगच्या आर्ट कॉलेजातून 1969 मध्ये ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा घेतला. बँडही बदलत होता. आधी आयबेक्स, मग त्याचंच झालेलं रेकेज, मग सावर मिल्क सी. एकही टिकला नाही.

त्याच्या ओळखीत स्माइल नावाचा बँड होता. गिटारवर ब्रायन मे, ड्रम्सवर रॉजर टेलर, गायक आणि बासवादक टिम स्टॅफेल. 1970 मध्ये स्टॅफेल सोडून गेला आणि त्या रिकाम्या जागी फ्रेडी आला. म्हणजे क्वीनचा हा राजा मुळात बदली खेळाडू! बँडला क्वीन हे नाव त्याने दिलं, स्वतःचं आडनाव मर्क्युरी केलं आणि चौघांच्या राशी गुंफून बँडचं बोधचिन्हही काढलं.

गायक मिळाला, पण बास वाजवणारा टिकेना. वर्षाच्या आत तीन जण आले आणि गेले. 1971 मध्ये चौथा आला, जॉन डीकन. मुलगा अबोल आणि आपल्या बिरादरीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, पुढे फर्स्ट क्लासमध्ये पास. कचऱ्यात सापडलेला सर्किट बोर्ड जुन्या स्पीकरच्या खोक्यात बसवून त्याने बॅटरीवर चालणारा ॲम्प्लिफायर बनवला. तो इतका वेगळा वाजला की क्वीनच्या रेकॉर्डिंगमध्ये वर्षानुवर्षं वापरला गेला. ब्रायन मेही काही कमी नव्हता. शेकोटीच्या चौकटीचं जुनं लाकूड आणि मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरून त्याने वडिलांसोबत घरीच गिटार बनवली होती. खगोलभौतिकीची अर्धवट सोडलेली पीएचडी त्याने 2007 मध्ये पूर्ण केली. बॅकलॉग असलेल्यांनी धीर धरावा!

हे चौघं एकदा जमले ते पुढची वीस वर्षं हलले नाहीत. त्या काळात डीप पर्पलच्या किती फळ्या झाल्या, ब्लॅक सॅबथने गायक किती बदलले, ते मोजा आणि मग हा आकडा बघा.

1975 चं बोहेमियन रॅप्सडी ऐकताना वाटतं की मोठा वाद्यवृंद आणि पन्नास जणांचा कोरस असेल. प्रत्यक्षात मर्क्युरी, मे आणि टेलर हे तिघंच 24 ट्रॅकच्या टेपवर आपलेच आवाज पुन्हा पुन्हा चढवत गेले. इतक्यांदा, की टेप झिजून आरपार दिसायला लागली. सहा मिनिटांचं गाणं रेडिओवर कोण लावणार, असं लोक म्हणत होते. ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं.

भांडणं होतीच. जास्त करून कोणाचं गाणं घ्यायचं आणि पैसा कोणाला, यावरून. चौघंही गाणी लिहायचे आणि चौघांचीही गाजली. वी विल रॉक यू मेचं, वी आर द चॅम्पियन्स मर्क्युरीचं, रेडिओ गा गा टेलरचं आणि अनदर वन बाइट्स द डस्ट त्या अबोल डीकनचं. बासवाला काय, कोणीही चालतो, असं म्हणणाऱ्या माझ्या रूममेटने ते एकदा बास कान देऊन ऐकावं. शेवटी 1989 च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी चौघांच्या नावावर टाकली आणि निम्मी भांडणं मिटली.

13 जुलै 1985 ला वेम्बलीत इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लाइव्ह एड झाला. समोर 72 हजार माणसं आणि क्वीनच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत पाचगणीच्या पियानोवाल्याने सगळं मैदान आपलंसं केलं.

1987 मध्ये त्याला एड्सचं निदान झालं. तेव्हा या रोगाचं नाव घ्यायलाही लोक घाबरत. बाहेर तो काही बोलला नाही. अंगातली ताकद संपत आली तरी स्टुडिओत जाऊन गात राहिला, आपण गेल्यावर बाकीच्यांना गाणी पुरी करता यावीत म्हणून. 23 नोव्हेंबर 1991 ला त्याने आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी गेला. वय 45. अंत्यविधी पारशी पद्धतीने झाले. मागे राहिलेल्या आवाजावर तिघांनी साज चढवला आणि 1995 मध्ये मेड इन हेवन हा अल्बम आला.

आता मूळ वाद. तो गेल्यावर क्वीन उरला का? डीकनला वाटलं, नाही. 1997 नंतर तो मंचावरून कायमचा उतरला. मे आणि टेलर यांनी आधी पॉल रॉजर्स आणि पुढे ॲडम लॅम्बर्ट यांना घेऊन कार्यक्रम केले. पण पोस्टरवर क्वीन, मग अधिक चिन्ह आणि मग नव्या गायकाचं नाव असं लिहिलं. ते अधिक चिन्ह मला फार आवडतं. आलेल्याला मान आहे आणि गेलेल्याची जागाही कोणी घेतलेली नाही.

मला दोन्ही बाजू पटतात. कोण भारी, हा वाद आपण चहा संपेपर्यंत घालू. पण फ्रेडीला आवाज एकट्याला मिळाला होता, क्वीन मात्र एकट्याला मिळाला नव्हता. त्यासाठी तीन बँड मोडले, तीन बासवादक गेले आणि मग एक गप्प बसणारा मुलगा आला. या वर्षी गॅदरिंगला बँड काढताना कोपऱ्यात गुमान बसलेल्या पोराला एकदा विचारा, बाबा, तुला काय वाजवता येतं?

आसगावला गेलो की यंदा मंडईत नव्या ढोलकीवाल्याच्या अगदी पुढ्यात बसणार आहे.